थरारपट लिहिताना: संकेत कुठे पाळावेत आणि साचे कुठे मोडावेत

थरारपटाची पहिली पटकथा लिहायला बसणाऱ्याला दोन परस्परविरोधी सल्ले हमखास मिळतात. एक जण सांगतो की या प्रकाराची वळणे ठरलेली असतात आणि ती चुकली तर प्रेक्षक उठून जातो; दुसरा सांगतो की ठरलेले सगळे मोडल्याशिवाय नवे काही हाती लागत नाही. दोघेही अर्धेच खरे बोलतात, कारण संकेत आणि साचा यांची त्यांनी गल्लत केलेली असते. वीज जाते, पात्राला दिसेनासे होते आणि म्हणून त्याला केवळ कानांवर भिस्त ठेवून जिना उतरावा लागतो, तेव्हा अंधार हा संकेत असतो. त्याने दृश्यात काहीतरी काम केलेले असते. तीच वीज केवळ ‘अशा वेळी ती जातेच’ म्हणून गेली, तर तो साचा झाला. संकेताचे कारण विसरले गेले की मागे साचा उरतो, आणि पुढे जे टप्पे सांगितले आहेत ते सर्व हे कारण परत शोधण्याचे आहेत.

सोयीसाठी एकच कल्पित कथा शेवटपर्यंत वापरू. तालुक्याच्या गावातील एक पतसंस्था. तिथे रोखपाल असलेली पस्तिशीतील स्त्री. शनिवारी संध्याकाळी काम आटोपताना एक बाई सोनेतारण ठेवलेले मंगळसूत्र सोडवायला येते. सीलबंद पाकीट उघडले जाते आणि आत बेन्टेक्सचे दागिने निघतात. रोखपाल काहीतरी सबब सांगून त्या बाईला सोमवारी बोलावते, एकटी असताना आणखी तीन पाकिटे उघडते, आणि तिन्हींत तेच. शाखाधिकाऱ्याचा फोन बंद आहे. सोमवारी सकाळी लेखापरीक्षक येणार आहेत.

पहिला टप्पा: प्रश्न कोणत्या काळाचा आहे ते ठरवा

रहस्यपटाचा प्रश्न घडून गेलेल्या गोष्टीविषयी असतो: हे कोणी केले? थरारपटाचा प्रश्न पुढच्या क्षणाविषयी असतो: आता काय होईल, आणि वेळेत सुटका होईल का? भयपटात बहुधा प्रश्न उत्तराच्या आवाक्याबाहेरचाच असतो. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर आपल्याकडे वाचकांच्या पिढ्या पोसल्या गेल्या, त्यामुळे मराठी लेखकाचा हात नकळत ‘गुन्हेगार कोण’ या प्रश्नाकडे वळतो असे मला वाटते. त्यात गैर काही नाही, पण दोन्ही प्रश्न सारख्याच वजनाने चालवायला गेले तर एकमेकांचे पाय ओढतात. आमच्या कथेत ‘सोने कोणी बदलले’ हा रहस्याचा प्रश्न आहे आणि ‘सोमवारपूर्वी ती स्वतःला वाचवू शकेल का’ हा थरारपटाचा. दुसरा मुख्य ठरवला की पहिल्याचे उत्तर प्रेक्षकाला मध्यावरच देऊन टाकण्याची मोकळीक मिळते, आणि ही मोकळीक फार मोलाची आहे.

ती का मोलाची, हे थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने सांगितले होते. दोन माणसे गप्पा मारत आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. पण बॉम्ब टेबलाखाली आहे आणि तो एक वाजता फुटणार आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर त्याच निरर्थक गप्पा पंधरा मिनिटे जीव टांगणीला लावतात. या प्रकारातील बहुतेक संकेतांचे मूळ या एका हिशेबात आहे.

दुसरा टप्पा: एक वाक्य आणि एक घड्याळ

संपूर्ण कथा अशा एका वाक्यात लिहा की ज्यात माणूस, धोका आणि मुदत तिन्ही येतील. ‘सोमवारी सकाळी तिजोरीची तपासणी होण्यापूर्वी रोखपालाला खरे सोने कुठे गेले हे सिद्ध करावे लागेल, नाहीतर चोरीचा आळ तिच्यावर येईल.’ या वाक्यातील एकही भाग गाळता आला तर कथा अजून तयार झालेली नाही. मुदतीबाबत एक सावधगिरी बाळगावी. लाल आकडे उलटे मोजणारे यंत्र हा मुदतीचा साचा आहे; लेखापरीक्षकांचा निरोप, शेवटची एसटी, बँकेची सुट्टी, सुतक, मतमोजणीचा दिवस या आपल्या आयुष्यातल्या मुदती आहेत, आणि त्या प्रेक्षकाला समजावून सांगाव्या लागत नाहीत.

तिसरा टप्पा: माहितीची वही

या टप्प्याला इतर सगळ्या टप्प्यांहून जास्त वेळ द्यावा, असे माझे ठाम मत आहे. वहीच्या पानावर तीन रकाने आखा: प्रेक्षकाला काय ठाऊक आहे, नायिकेला काय ठाऊक आहे आणि विरोधकाला काय ठाऊक आहे. मग प्रत्येक दृश्यासाठी एक ओळ भरा. ज्या ओळीत तिन्ही रकाने सारखे भरले असतील, त्या दृश्यात ताण नसतो. तिथे कितीही पळापळ दाखवली आणि कितीही मोठे संगीत वाजवले तरी तो येणार नाही.

रकाने असमान करण्याच्या तीन पद्धती आहेत. प्रेक्षकाला नायिकेपेक्षा जास्त सांगितले तर चिंता निर्माण होते. दोघांना सारखेच सांगितले आणि विरोधकाचा रकाना झाकून ठेवला तर कुतूहल निर्माण होते. नायकाला प्रेक्षकापेक्षा जास्त ठाऊक असेल तर मात्र काम अवघड होते, कारण लेखक लपवाछपवी करतो आहे हे उघड झाले की प्रेक्षक रागावतो. या तिसऱ्या पद्धतीचा उत्तम नमुना ‘दृश्यम’मध्ये आहे. जितू जोसेफ यांच्या २०१३ च्या मल्याळम चित्रपटावरून निशिकांत कामत यांनी २०१५ साली गोव्यात घडणारी हिंदी आवृत्ती केली. (चित्रपट पाहिला नसेल तर हा परिच्छेद इथेच सोडावा.) त्यात गुन्हा कोणाच्या हातून घडला हे आपण डोळ्यांनी पाहतो, खोटा पुरावा कसा रचला जातो तेही पाहतो, आणि म्हणून आपल्याला सर्व ठाऊक आहे असे धरून चालतो, मृतदेह शेवटी कुठे गेला ही एकच ओळ आपल्या रकान्यात कोरी असते. इतक्या उदारपणे बाकीची माहिती दिलेली असल्यामुळे ती एक कोरी ओळ आपल्याला खटकतच नाही. हिचकॉक यांचा ‘व्हर्टिगो’ (१९५८) याच्या नेमका उलट चालतो. रहस्य चित्रपट संपण्याच्या बराच आधी प्रेक्षकाला सांगितले जाते, नायक मात्र अनभिज्ञ राहतो, आणि तेव्हापासून ‘खरे काय’ या प्रश्नाची जागा ‘त्याला कळल्यावर काय होईल’ हा प्रश्न घेतो.

आता आमच्या कथेची वही भरू. समजा, शनिवारी रात्री संस्थेचे सचिव रोखपालाच्या घरी येतात, तिच्या आजारी वडिलांची विचारपूस करतात आणि चहा घेतात. सोने सचिवांनी बदलले आहे हे कोणालाच ठाऊक नसेल तर हा नुसता चहा आहे. पण त्याआधीच्या दृश्यात सचिवांच्या गाडीच्या डिकीत शाखाधिकाऱ्याकडची तिजोरीची किल्ली प्रेक्षकाने पाहिली असेल, तर साखर किती घालू हा प्रश्नही ऐकवत नाही. संवाद एका शब्दाने बदललेला नाही; बदलला तो केवळ एक रकाना. दृश्य पडते आहे असे वाटले की संवाद घासत बसण्याऐवजी आधी वही उघडावी.

चौथा टप्पा: ‘ती पोलिसांकडे का जात नाही?’

हा प्रश्न प्रेक्षक विसाव्या मिनिटाला विचारतो आणि त्याचे उत्तर पंधराव्या मिनिटाच्या आत तयार असावे लागते. ‘पोलीस भ्रष्ट आहेत’ हे सर्वांत आळशी उत्तर आहे. खरे उत्तर पात्राच्या स्वतःच्या चुकीतून काढावे. पतसंस्थेच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात, एक शाखाधिकाऱ्याकडची आणि एक रोखपालाकडची. चार महिन्यांपूर्वी वडिलांना रुग्णालयात हलवावे लागले त्या दुपारी तिने आपली किल्ली नियम मोडून संस्थेत ठेवली होती, आणि ‘तू निघ, किल्लीचं मी बघतो’ असे सचिवच म्हणाले होते. आता तोंड उघडायचे तर आधी स्वतःची चूक कबूल करावी लागेल. निरपराध माणसावर आळ येणे हा हिचकॉक यांच्या ‘द थर्टी नाइन स्टेप्स’ (१९३५) आणि ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) यांत वारंवार दिसणारा संकेत आहे. पण अगदी निष्कलंक निरपराध माणसापेक्षा थोडासा चुकलेला माणूस पडद्यावर जास्त टिकतो, कारण त्याला लपवण्यासारखे काहीतरी असते.

पाचवा टप्पा: सुटकेचे साधन आधी पेरा

सामान्य माणूस संकटात सापडतो हे ठीक, परंतु शेवटच्या वीस मिनिटांत तो अचानक पिस्तूल चालवू लागला तर सगळे कोसळते. ‘दृश्यम’चा नायक चौथी नापास केबलचालक आहे आणि रात्र-रात्र चित्रपट पाहतो, पोलिसांना कसे चकवायचे हे तो त्या चित्रपटांतूनच शिकला आहे, आणि ही सवय सुरुवातीला विनोदाच्या अंगाने आपल्यापुढे ठेवलेली असते. पात्राच्या रोजच्या कामात दडलेले एक कौशल्य निवडा आणि ते पहिल्या दहा मिनिटांत बिनमहत्त्वाच्या प्रसंगात दाखवा. रोखपालाचे बोट नोटांवरून फिरताना खोटी नोट अडते. खातेदारांच्या सह्या तिला तोंडपाठ असतात. मग पाकिटावरच्या सीलखालची सही खरी नाही हे तिनेच ओळखावे, दुसऱ्या कोणी येऊन सांगू नये.

सहावा टप्पा: माणसांचे साचे तपासा

प्रसंगाचा साचा कंटाळा आणतो, माणसाचा साचा मात्र अन्याय करतो. म्हणून इथे अधिक कठोर व्हावे. आमच्या कथेत सोने खोटे निघाल्याबरोबर संशय दागिन्यांची पारख करणाऱ्या सराफावर जाणार हे उघड आहे. ‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ ही ओळ ज्या भाषेत सहज तोंडी येते, त्या भाषेतल्या प्रेक्षकाला हा संशय शिकवावा लागत नाही. लेखकाने या आयत्या संशयाचा उपयोग जरूर करावा, पण त्यावर शिक्कामोर्तब करू नये. सराफावर संशय घेण्यात नायिकेचा एक दिवस वाया गेला, तर तो तिच्या पूर्वग्रहाचा दंड ठरतो आणि कथेलाही बळ मिळते. हीच गोष्ट रखवालदार, मोलकरीण, परप्रांतीय मजूर किंवा विशिष्ट धर्माचे नाव असलेल्या पात्राची. तपासणीची रीत सोपी आहे: पात्राचे आडनाव, गाव आणि व्यवसाय बदलून पाहा. तेवढ्याने त्याचे खलनायकत्व पटेनासे झाले, तर ते खलनायकत्व तुम्ही लिहिलेले नव्हते, समाजाकडून उसने घेतले होते.

मानसिक आजार हा या प्रकारातला सर्वांत झिजलेला साचा आहे. ‘सायको’ने (१९६०) दुभंगलेल्या मनाचा मारेकरी लोकप्रिय केला, आणि त्याच्या शेवटी एक मनोविकारतज्ज्ञ सगळा उलगडा करतो, पुढच्या कित्येक चित्रपटांनी त्या चित्रपटातले धाडस सोडून नेमका तो उलगडाच उचलला. आजाराचे नाव सांगितले की हेतू सांगायची गरज उरत नाही, ही लेखकाची सोय आहे. प्रत्यक्षात मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे हिंसक नसतात. अपंगत्वाचेही तसेच, व्रण, लंगडणे किंवा निकामी डोळा ही दुष्टपणाची खूण म्हणून वापरणे आता सोडून द्यावे. पुण्यात घडणाऱ्या, श्रीराम राघवन यांच्या ‘अंधाधुन’मध्ये (२०१८) आंधळेपणाकडे पाहणाऱ्यांची दया हेच फसवणुकीचे साधन होते, म्हणून तिथे तो साचा उलटा फिरतो.

विरोधकाला भयंकर करण्यापेक्षा ओळखीचा करावा. सुजॉय घोष यांच्या ‘कहानी’तला (२०१२) भाडोत्री मारेकरी हा पोट सुटलेला, सौम्य बोलण्याचा विमा प्रतिनिधी आहे आणि कार्यालयात साहेबांची बोलणी खातो, त्याची भीती वाटते ती त्याच्या या किरकोळपणामुळेच. आमचे सचिव राक्षस नाहीत. ठेवीदारांनी एकदम पैसे मागितले तेव्हा संस्था बुडू नये म्हणून त्यांनी सोने बाहेर गहाण टाकले, दिवाळीपूर्वी परत आणू अशी स्वतःची समजूत घातली, आणि आता आपण गावच वाचवतो आहोत असे त्यांना मनापासून वाटते. असा माणूस शेवटी लांबलचक भाषण करत नाही. तो विनवणी करतो, आणि ती नाकारणे नायिकेला फार जड जाते.

स्त्रीपात्रांसाठी जुन्या थरारपटांनी दोनच खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, बळी आणि मोहिनी. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ (१९६४) आणि त्यावरून निघालेल्या ‘मेरा साया’ (१९६६) या चित्रपटांत एकच चेहरा या दोन्ही खुर्च्यांवर आळीपाळीने बसवला गेला. दुहेरी भूमिकेचा संकेत त्या काळी इतका परिणामकारक का ठरला याचे हे एक कारण असावे. आज लिहिताना निदान एवढे पाहावे की स्त्रीपात्राला काहीतरी हवे आहे, आणि ते पुरुषपात्राच्या हेतूहून वेगळे आहे.

सातवा टप्पा: कायदा आणि विज्ञान यांची उजळणी

क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावताच माणूस कोसळत नाही. त्याला काही मिनिटे लागतात. सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाचा आवाज कमी होतो, नाहीसा होत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. आरोपीच्या संमतीशिवाय नार्को चाचणी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच स्पष्ट केले आहे. अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. या सर्व गोष्टी चित्रपटांत सर्रास मोडल्या जातात आणि प्रेक्षक त्या बहुधा चालवूनही घेतो, तेव्हा केवळ अचूकतेच्या हौसेने त्या सांभाळाव्यात असे मी म्हणणार नाही. सांभाळायच्या त्या यासाठी की नियमांतून आयती कथा मिळते.

एकच उदाहरण देतो. अपवादात्मक परिस्थिती वगळता स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही; तशी परिस्थिती असली तरी महिला पोलीस अधिकाऱ्याला लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. आता कथेत असे करू की रविवारी संध्याकाळी सचिवच पोलिसांत तक्रार देतात. हवालदार निरोप घेऊन येतो की सकाळी उजाडताच तुम्हाला घेऊन जायला येऊ, कुठे जाऊ नका. सोमवारचे लेखापरीक्षण हे दूरचे घड्याळ होते. त्याच्या जागी आता एक रात्र आली, आणि ती लेखकाने ओढूनताणून आणलेली नाही. कायद्यानेच तिला दिलेली ही रात्र कथेचा तिसरा अंक होते.

आठवा टप्पा: वस्तू, जागा, आवाज

मोबाइलचे ‘नेटवर्क नाही’ हे उत्तर एकदाच, आणि तेही खरोखर नेटवर्क नसलेल्या घाटातच वापरावे. त्याऐवजी फोन चालू ठेवा आणि त्यालाच धोक्याचे रूप द्या: टॉवरवरून कळलेले ठिकाण, चुकून गेलेली यूपीआयची रक्कम, गावच्या ग्रुपवर आलेला सीसीटीव्हीचा तुकडा. जागेच्या बाबतीत कमी तेवढे चांगले. ‘रिअर विंडो’चा (१९५४) नायक पायाच्या प्लास्टरमुळे खोलीतच अडकलेला आहे आणि या एका मर्यादेवर सगळा चित्रपट उभा आहे. आवाजाविषयी थोडक्यात सांगायचे तर मांजर उडी मारण्याचा दचका एकदाही वापरू नका. गाणी नसलेला थरारपट हिंदीत ‘कानून’ (१९६०) आणि ‘इत्तेफाक’ (१९६९) यांनी कधीच करून दाखवला आहे, त्यामुळे निर्मात्याने गाण्याचा आग्रह धरला तर ही दोन नावे हाताशी असावीत.

नववा टप्पा: कलाटणी उलटी वाचा

जुळा भाऊ, स्मृतिभ्रंश, आणि सगळे स्वप्न होते ही तीन उत्तरे पहिल्या मसुद्यात सुचतातच. ती लिहून काढावीत आणि खोडावीत. कलाटणी ठरली की पटकथा शेवटच्या दृश्याकडून पहिल्याकडे वाचत जा आणि कलाटणीची निदान तीन चिन्हे आधीच्या पानांत उघड्यावर आहेत का ते पाहा. उघड्यावर याचा अर्थ असा की प्रेक्षकाने ती पाहिलेली असतात, पण त्या वेळी त्याला ती वेगळ्याच कारणासाठी दाखवलेली असतात. सचिवांचे ‘किल्लीचं मी बघतो’ हे वाक्य माणुसकीचे उदाहरण म्हणून ऐकू यायला हवे. कलाटणीने फक्त माहिती बदलली, माणसाविषयीचे मत बदलले नाही, तर ती कमकुवत आहे असे समजावे.

दहावा टप्पा: मोठ्याने वाचा आणि मध्येच थांबा

चार-पाच जणांना बसवा. त्यांतला निदान एक चित्रपटांशी संबंध नसलेला असावा, आणि आमच्या कथेसाठी तर एखाद्या निवृत्त रोखपालाला चहाला बोलवावेच. पटकथा मोठ्याने वाचा आणि चार ठिकाणी थांबून प्रत्येकाला कागदावर दोनच गोष्टी लिहायला सांगा: पुढे काय होईल असे वाटते, आणि काय होऊ नये असे वाटते. पहिल्या प्रश्नाची उत्तरे सर्वांची सारखी आली आणि तीच तुमच्या पुढच्या पानावर असली, तर तिथे साचा आहे. दुसऱ्या प्रश्नापुढे कोरी जागा राहिली तर दोष आणखी मागचा आहे. श्रोत्यांना त्या बाईचे काय होते याची अजून पर्वाच वाटत नाही, आणि अशा वेळी कलाटणीला हात न लावता पहिल्या दहा मिनिटांकडे, तिच्या वडिलांच्या औषधाच्या डब्यापर्यंत परत जावे लागते. वाचन चालू असताना स्वतः काहीही समजावून सांगू नका. कोणी ‘पण तिने तेव्हाच पावतीची नक्कल का नाही काढली?’ असे विचारले तर उत्तर न देता प्रश्न टिपून घ्या. रोखपाल राहिलेल्या माणसाने विचारलेला असा एक प्रश्न पुष्कळदा अख्ख्या दृश्याची सोय करून जातो.